चार बाजू मोजल्या, पण कर्ण मोजला का?

चौकोन, चौरस, आयत, समलंब... हे शब्द वाचले की शाळेतली कंपासपेटी आठवते आणि लगेच 'आता आपल्याला त्याचं काय?' असं मनात येतं. दहावीचा पेपर दिला आणि भूमिती संपली, असं आपण बहुतेक जणी धरूनच चालतो. पण मला सांगा मैत्रिणींनो, आपलं घर ज्या प्लॉटवर उभं आहे तो चौकोनीच ना? शेताचा तुकडा, दाराची चौकट, ओट्याची फरशी, अंगणातली बाज, सगळे चौकोनच. आणि त्यातल्या प्लॉटला नि शेताला तर आपण जन्मभराची पुंजी मोजतो.

बचत गटांच्या कामामुळे धुळे तालुक्यातल्या गावांत माझं जाणं-येणं असतं. अलीकडे बायकांच्या बोलण्यात 'प्लॉट' हा विषय फार येतो. कुणी गटाचं कर्ज फेडून झाल्यावर शिल्लक टाकते, कुणी माहेरून मिळालेले पैसे लावते, कुणी नवऱ्याच्या नावाबरोबर स्वतःचंही नाव लावून घेते. ऐकून बरं वाटतं. प्लॉटचं माप सगळ्यांना तोंडपाठ असतं. 'तीस बाय चाळीस!' पण 'या कोपऱ्यापासून त्या समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत किती भरतं?' असं विचारलं की सगळ्या एकमेकींकडे बघतात. एका आजींनी तर मलाच विचारलं, "चारी बाजू मोज्यात ना, मंग आखो काय मोजनं ऱ्हायनं?"

आजींचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र नऊशे वर्षांपूर्वीच दिलं गेलंय, आणि तेही आपल्या खानदेशाशी नातं असलेल्या माणसानं!

पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या

आधी एक प्रयोग करा. मुलांनाही सोबत घ्या. पुठ्ठ्याच्या सारख्या लांबीच्या चार पट्ट्या कापा. टोकाला टोक जुळवून कोपऱ्यात टाचण्या खोचा, म्हणजे चौकट तयार होईल. सरळ धरली की चौरस दिसतो. आता एक कोपरा बोटानं हळूच ढकला. चौकट तिरपी होते. आणखी ढकला, आणखी चपटी होते. शेवटी तर पट्ट्या एकमेकींवर येऊन बसतात आणि आत जागाच उरत नाही.

यात पट्ट्यांची लांबी जराही बदलली का? नाही. चारही बाजू होत्या तेवढ्याच आहेत. बदलली ती आतली जागा. म्हणजे नुसत्या चार बाजू सांगितल्यानं चौकोन ठरत नाही आणि त्याचं क्षेत्रफळही ठरत नाही.

आता हाच प्रयोग तीन पट्ट्यांचा करा. त्रिकोण होईल. त्याला कितीही ढकला, तो हलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. म्हणून तर सुतार लाकडी फाटकाला एक तिरपी पट्टी ठोकतो. ती पट्टी चौकोनाचे दोन त्रिकोण करते आणि फाटक झुकायचं थांबतं. जुनी बाज तिरपी झाली की एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर वाढतं आणि दुसरीकडचं कमी होतं, हे आपण डोळ्यांनीच ओळखतो. या तिरप्या अंतराला म्हणतात कर्ण. प्रत्येक चौकोनाला दोन कर्ण असतात.

पाटणचे भास्कराचार्य आणि लीलावती

चाळीसगावजवळ पाटणादेवीला आपल्यातल्या कितीतरी जणी जाऊन आल्या असतील. त्याच पाटणला इ.स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ स्थापला, अशी त्यात नोंद आहे. हा लेख १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. लेख संस्कृतात असला, तरी त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग म्हणजे 'लीलावती'. लीलावती त्यांची मुलगी होती, लग्नाच्या मुहूर्ताच्या घटिकापात्रात मोती अडकला, मुहूर्त टळला आणि वडिलांनी तिच्या नावानं ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. ही कथा अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. गोष्ट खरी असो-नसो, ग्रंथातली कितीतरी उदाहरणं एका मुलीला उद्देशून विचारलेली आहेत, हे मात्र खरं. बाईमाणसाला गणित कशाला, असं म्हणणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही!

याच 'लीलावती'त चौकोनाबद्दल भास्कराचार्य चक्क रागावलेले दिसतात. त्यांच्या आधीचे काही गणिती नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ काढून दाखवत. त्यावर भास्कराचार्यांचं म्हणणं असं, की एखादा कर्ण किंवा लंब न सांगता जो चौकोनाचं निश्चित क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्च, आणि जो उत्तर देतो तो त्याच्याहून मोठा पिशाच्च! कारण चौकोनाची स्थिती मुळात पक्की नसते, हेच त्या दोघांना ठाऊक नाही.

नुसतं रागावून ते थांबले नाहीत. त्यांनी उदाहरणही दिलं. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्या. एक कर्ण ३० असेल, तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ होतं ६००. त्याच बाजू ठेवून एक कर्ण १४ केला, तर दुसरा ४८ होतो आणि क्षेत्रफळ उरतं फक्त ३३६. दोन्ही कर्ण सारखे असले, तर चौरस होतो आणि क्षेत्रफळ ६२५. पाहा, कुंपणाची तार तिन्ही ठिकाणी १०० च लागणार, पण जमीन कुठं ६२५, कुठं ३३६. जवळजवळ निम्मी!

आठ बाय दहाची खोली कुठं गेली?

आता आपल्या तीस बाय चाळीसकडे येऊ. समोरासमोरच्या बाजू तीस-तीस आणि चाळीस-चाळीस फूट. कागदावर हिशेब बाराशे चौरस फूट. प्लॉट खरंच आयत असेल, म्हणजे चारही कोपरे काटकोनात असतील, तर दोन्ही कर्ण बरोबर ५० फूट भरले पाहिजेत.

पण समजा एक कर्ण भरला ५८ फूट आणि दुसरा साधारण साडेचाळीस. बाजू त्याच आहेत, पण प्लॉट तिरपा आहे. त्याचं खरं क्षेत्रफळ येतं सुमारे ११२० चौरस फूट. ८० चौरस फूट गायब! म्हणजे आठ बाय दहाची एक अख्खी खोली. फुटाला हजार रुपये भाव धरला, तर ऐंशी हजार रुपये नसलेल्या जागेसाठी दिले. शिवाय तिरप्या प्लॉटवर सरळ खोल्या काढायच्या, तर कोपरे वाया जातात ते वेगळंच.

तुम्ही म्हणाल, एवढं तिरपं डोळ्यांना दिसणार नाही का? बांधलेल्या घरात दिसतं. पण मोकळ्या रानात चार दगड रोवलेले असतात, मध्ये गवत वाढलेलं असतं, बाजूला रस्ताही आखलेला नसतो. तिथं भल्याभल्यांचा अंदाज चुकतो.

जुन्या धुळ्याची गोष्ट निराळी. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज यांनी खानदेशचं मुख्य ठाणं म्हणून धुळे निवडलं आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ आखून घेतली. म्हणून आपल्याकडे गल्ल्या क्रमांकानं ओळखल्या जातात. नव्या वसाहतींचं तसं नसतं. त्या शेतांवर उठतात आणि शेत काही पट्टीनं आखलेलं नसतं. नाल्याच्या कडेनं, जुन्या बांधाच्या वळणानं त्याची हद्द जाते. आतले प्लॉट सरळ निघतात, पण कडेला निमुळते, तिरपे तुकडे उरतात. तेही विकले जातातच. ते घेऊ नयेत असं नाही. जेवढी जागा तेवढेच पैसे द्यावेत, एवढंच.

सरासरीचा हिशेब कुणाच्या फायद्याचा?

वाकडा प्लॉट असला की एक हिशेब हमखास ऐकू येतो. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. हा नियम फार जुना आहे. इजिप्तमधल्या एडफूच्या देवळाच्या भिंतींवर जमिनींची जी यादी कोरलेली आहे, तिच्यात हाच हिशेब दिसतो. आपल्याकडे सातव्या शतकात ब्रह्मगुप्तांनीही तो सांगितला, पण 'स्थूल', म्हणजे ढोबळ म्हणून.

ढोबळ म्हणजे कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी, असं आपल्याला वाटेल. तसं नाही! हा हिशेब खऱ्या क्षेत्रफळापेक्षा कमी कधीच येत नाही. आयत असेल तर बरोबर येतो, बाकी प्रत्येक चौकोनात जास्तच येतो. म्हणजे तो नेहमी विकणाऱ्याच्या फायद्याचा, घेणाऱ्याच्या तोट्याचा.

असं का, ते दोन लाटण्यांनी समजेल. दोन लाटणी एका टोकाशी जुळवा आणि उघडी टोकं मनातल्या मनात रेघेनं जोडा. त्रिकोण झाला. लाटणी जवळ आणली की त्रिकोण चिंचोळा होतो, फार फाकवली तरी चपटा होतो. सगळ्यांत मोठा त्रिकोण कधी? लाटणी काटकोनात असतील तेव्हा. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत हेच असतं. सरासरीचा नियम चारही कोपरे काटकोनात आहेत असं धरून चालतो, म्हणजे सगळीकडे जास्तीत जास्त जागा धरतो. एक जरी कोपरा काटकोनातून हलला, तरी खरी जागा हिशेबापेक्षा कमी भरते.

मग मोजायचं कसं?

फार अवघड नाही. एक लांब टेप, एक दोरी, चार खुंट्या आणि दोन-तीन मैत्रिणी हव्यात.

चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोका. चारही बाजू मोजून लिहा. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून बांधा आणि तिची लांबी मोजा. हा झाला कर्ण. आता उरलेल्या दोन कोपऱ्यांपैकी एकावर टेपचं टोक धरून ठेवा आणि दुसऱ्या बाजूनं टेप दोरीवरून इकडून तिकडे फिरवा. जिथं सगळ्यांत कमी माप दिसेल तो झाला लंब. दुसऱ्या कोपऱ्यापासूनही तसाच लंब मोजा.

दोन्ही लंबांची बेरीज करा, तिला कर्णानं गुणा आणि येईल त्याला दोनानं भागा. झालं क्षेत्रफळ! आपल्या तिरप्या प्लॉटमध्ये कर्ण ५८ आणि दोन्ही लंब १९.३ फूट भरतात. बेरीज ३८.६. गुणिले ५८, भागिले २, म्हणजे सुमारे १११९. हा हिशेब समोरासमोरच्या बाजू सारख्या नसल्या तरी चालतो. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरनं दोन मिनिटांचं काम. दुसरा कर्णही मोजून ठेवावा, पडताळा येतो.

घराचा पाया आखताना गवंडी गुण्या लावतात, पण मोठ्या मापाला गुण्या अपुरा पडतो. तिथं ३-४-५ ची युक्ती वापरायची. कोपऱ्यापासून एका दोरीवर ६ फुटांवर खूण करा, दुसऱ्या दोरीवर ८ फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १० फूट आलं, तर कोपरा काटकोनात आहे. जास्त आलं तर कोपरा फाकलाय, कमी आलं तर दबलाय. आपण शेजारी उभं राहून एवढं बघितलं, तर गवंडीदादाही रागावत नाहीत. उलट जपून काम करतात.

एकाच घरातल्या बहिणी

चौकोनांची नावं पाठ करताना शाळेत गोंधळ व्हायचा. त्यांच्याकडे नात्यागोत्यासारखं बघितलं तर सोपं जातं. समोरासमोरच्या बाजू समांतर असतील, तर तो समांतरभुज चौकोन. त्याच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात आणि कर्ण एकमेकांना बरोबर मध्ये छेदतात. त्याचे कोपरे काटकोनात आणले की आयत होतो आणि कर्ण सारखे होतात. कोपरे तिरपेच ठेवून चारही बाजू सारख्या केल्या, तर समभुज चौकोन. आपण कापतो त्या शंकरपाळ्यासारखा. त्याचे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात. दोघींचे गुण एकत्र आले की चौरस. आणि बाजूंची एकच जोडी समांतर असेल, तर समलंब चौकोन, सुपासारखा एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद.

एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवा. नुसते कर्ण सारखे भरले म्हणून आयत होत नाही. सुपाच्या आकारातही कर्ण सारखे भरू शकतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच आयत.

शेताला पाच किंवा सहा कोपरे असले तर घाबरू नका. एका कोपऱ्यापासून बाकीच्या कोपऱ्यांकडे रेघा ओढल्या की पाच कोपऱ्यांच्या शेताचे तीन त्रिकोण होतात, सहाचे चार. जेवढ्या बाजू, त्यापेक्षा दोन कमी त्रिकोण. (शेताची हद्द कुठं आत वळली असेल, तर रेघा शेताच्या आतूनच जातील अशा ओढायच्या.) प्रत्येक त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश. म्हणून चौकोनाची ३६०, पंचकोनाची ५४०, षटकोनाची ७२०. मुलांना हे पाठ करायला लावण्यापेक्षा त्रिकोण पाडून दाखवा, ती विसरणार नाहीत.

गोधडी शिवणाऱ्यांसाठी एक गंमत. सारख्या बाजूंचे आणि सारख्या कोनांचे पंचकोनी तुकडे एकमेकांशेजारी जोडले तर मध्ये फट राहते. षटकोन मात्र मधाच्या पोळ्यासारखे बसतात. आणि चौकोन कितीही वाकडा असो, त्याच मापाचे तुकडे आलटून-पालटून उलटे फिरवत लावले तर अजिबात फट राहत नाही. चिंध्यांतून एकदा करून बघाच!

वाटणीच्या वेळी

हे सगळं सांगायचं खरं कारण वेगळं आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, १९९२ मध्ये सरकारनं लक्ष्मी मुक्ती योजना आणली आणि कितीतरी बायकांची नावं सातबाऱ्यावर लागली. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. २००५ मध्ये देशभर तशी दुरुस्ती झाली. त्या वेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये दिला. हक्क मिळाला. पण निम्मा वाटा म्हणजे नेमकी किती जमीन, हे समजणार कसं?

समजा शेत सुपाच्या आकाराचं आहे. एक बांध १०० फूट, समोरचा समांतर बांध १६० फूट, मधलं सरळ अंतर २०० फूट. एकूण २६ हजार चौरस फूट, म्हणजे जवळपास २४ गुंठे. कुणी म्हणालं, 'दोनशे फुटांच्या मध्ये आडवा बांध घालू, दोघांना शंभर-शंभर फूट!' ऐकायला किती सरळ वाटतं! पण अरुंद बाजूकडचा तुकडा ११,५०० चौरस फूट होतो आणि रुंद बाजूकडचा १४,५००. तीन हजार चौरस फुटांचा फरक, म्हणजे पावणेतीन गुंठे. तेच दोन्ही समांतर बांधांचे मध्यबिंदू जोडून उभा बांध घातला, तर दोघांनाही बरोबर १३ हजार मिळतात. विहीर, रस्ता, मातीचा पोत हे विचारात घ्यायचं असतंच. पण आधी आकडा तरी बरोबर हवा.

आपली मोजणी कायद्याचा पुरावा होत नाही, हेही सांगायला हवं. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून मोजणीचा अर्ज करायचा आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत घ्यायची. मोजणीला भूकरमापक येतील त्या दिवशी स्वतः हजर राहा. घरातल्या पुरुषांबरोबर आपणही बांधावर उभ्या राहिलो आणि 'भाऊ, कर्ण किती आला?' एवढं विचारलं, तरी समोरच्याला कळतं की ही बाई हिशेब जाणते.

तेव्हा मैत्रिणींनो, सौदा करण्याआधी टेप घेऊन प्लॉटवर जा. सोबत सुनेला, लेकीला न्या. दोरीचं एक टोक तिच्या हातात द्या आणि कर्ण मोजायला लावा. एकदा मोजलेला कर्ण ती जन्मात विसरणार नाही.

लक्षात ठेवा

– चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ ठरत नाही. किमान एक कर्ण मोजाच.
– क्षेत्रफळ = कर्ण × दोन लंबांची बेरीज ÷ २.
– समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे, तरच आयत.
– ३० × ४० च्या आयताचा कर्ण ५० फूट.
– बाजूंच्या सरासरीचा गुणाकार आयत सोडून प्रत्येक चौकोनात जास्त येतो.
– १ गुंठा = १०८९ चौरस फूट (३३ × ३३ फूट). ४० गुंठे = १ एकर.
– कोपरा तपासायला ६, ८ आणि १० फुटांची खूण.